कांद्याच्या हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर: प्रत्येक टेबलाला एक बिझनेस ऑब्जेक्ट करायचा का?

नाशिकरोड_कोडर:
मंडळी, पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याचं पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हरवर आहे. सगळा हिशोब 'सेव्ह' बटणामागे लिहिलेला. आता मोबाइलवरूनही पट्टी करायचीय, म्हणून तीन थर पाडतोय: स्क्रीन, बिझनेस, डेटाबेस. टेबलं शेतकरी, पट्टी, काटा (गाडीची वजनं), कपात, चुकती (पैसे दिल्याची नोंद). प्रत्येकाला एक क्लास केला, कॉलम तेवढ्या प्रॉपर्टी. तरी हिशोबाचा कोड फॉर्मवरच राहतोय. चुकतंय कुठे?

मेरीकर:
भाऊ, टेबलाची नक्कल म्हणजे बिझनेस ऑब्जेक्ट नव्हे, ती नुसती पिशवी झाली. बिझनेस ऑब्जेक्टमध्ये माहितीसोबत तिचे नियमही हवेत. आधी नियम कागदावर उतरवा. भरलेल्या गाडीचं वजन रिकामीपेक्षा जास्तच हवं. दोन्ही वजनं आल्याशिवाय पट्टी पक्की होत नाही. चुकती झाल्यावर भाव बदलता येत नाही. तिन्ही नियम कोणाचे? पट्टीचे. म्हणून पट्टी हा मुख्य ऑब्जेक्ट. काटा आणि कपात तिच्या पोटात. भावाचा सेटर (बाहेरून किंमत बदलायची वाट) प्रायव्हेट करा आणि 'भाव दुरुस्त कर' अशी मेथड द्या, चुकतीची तपासणी तिच्यातच. मग फॉर्म असो की मोबाइल, नियम चुकवायला वाटच उरत नाही.

शेतकरी मात्र बाहेर ठेवा, पट्टीत फक्त त्याचा आयडी. अख्खा शेतकरी आत घेतलात तर एक पट्टी उघडताना त्याच्या जुन्या पट्ट्यांचं लटांबर मागे येतं.

हमाली-तोलाईचा दर मास्टरमधून (दरांच्या टेबलातून) वाचा, पण पट्टी करताना पट्टीतच साठवा. नाहीतर दर वाढला की गेल्या हंगामाची पट्टी परत छापताना रक्कम वेगळी निघते, आणि शेतकऱ्याच्या हातात जुना कागद असतोच.

पैशांचं_गणित:
मेरीकरांचं बरोबर, पण पैशाचं कोणी बोललं नाही. फ्लोट किंवा डबल (दशांश अंदाजे साठवणारे प्रकार) अजिबात नको, डेसिमलच. वरून राउंडिंगचा घोळ. भरलेली गाडी २,८४० किलो, रिकामी १,६१० किलो. निव्वळ १,२३० किलो म्हणजे १२.३० क्विंटल. भाव क्विंटलला १,८५० धरला तर २२,७५५ रुपये. समजा हमाली क्विंटलला ६.५०, म्हणजे ७९.९५. तोलाई २.७५ धरली तर ३३.८२५, आणि इथेच गाडं अडतं. सी शार्पचा मॅथ.राउंड काही न सांगता वापरला की बरोबर मधली रक्कम सम अंकाकडे नेतो, म्हणजे ३३.८२. एसक्यूएल सर्व्हरचा राउंड ३३.८३ देतो. हिशोब अर्धा क्लासमध्ये, अर्धा स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसात साठवलेल्या कोडमध्ये) असेल तर पट्टी आणि खातेवही एका पैशाने जुळत नाही, नि दिवसभर शोधूनही सापडत नाही. राउंडिंग एकाच जागी, पट्टीच्या मेथडमध्ये, 'अवे फ्रॉम झीरो' (बरोबर मधली रक्कम वरच्या अंकाकडे) स्पष्ट लिहून करा. मग हमाली-तोलाई वजा जाता निव्वळ देणं २२,६४१.२२.

नाशिकरोड_कोडर:
सेव्ह मेथड पट्टीतच ठेवू का? आणि दोन दिवाणजींनी एकच पट्टी उघडली तर?

मेरीकर:
सेव्ह पट्टीत नको. ते काम रिपॉझिटरीचं, म्हणजे डेटाबेसात वाचणं-लिहिणं करणाऱ्या क्लासचं. ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) सर्व्हिस थरात, म्हणजे स्क्रीनकडून काम घेऊन ऑब्जेक्ट आणि रिपॉझिटरी जुळवणाऱ्या कोडमध्ये उघडा, कारण चुकती करताना पट्टी आणि शेतकऱ्याचं खातं दोन्ही एकदम बदलायला हवं. उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये 'खात्री आहे का?' असा मेसेज मात्र दाखवू नका. दिवाणजी चहाला गेले तर लॉक तसाच आणि बाकीचे ताटकळत.

दोन दिवाणजींच्या प्रश्नाला रोव्हर्जन कॉलम, म्हणजे ओळ बदलली की आपोआप बदलणारा आकडा. वाचताना त्याची किंमत ठेवा, अपडेटच्या व्हेअरमध्ये (अटीत) आयडीसोबत तीही द्या. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर मधे दुसऱ्याने बदल केलाय; नवी पट्टी दाखवून पुन्हा विचारा. हे न करता सेव्ह केलंत तर दुसऱ्याचा भाव पहिल्यावर गुपचूप चढतो.

पैशांचं_गणित:
दिवसाच्या यादीसाठी ऑब्जेक्ट भरू नका. २०० पट्ट्यांची यादी एका क्वेरीने आणि प्रत्येकीची कपात वेगळी आणलीत तर डेटाबेसकडे २०१ फेऱ्या होतात. ऑफिसच्या वायरवर कळत नाही, मोबाइलवर चाक फिरत बसतं. यादीला जॉइन लावलेली (टेबलं जोडणारी) एकच सपाट क्वेरी पुरते, तिथे नियम लागतच नाहीत.

थर खरंच वेगळे झालेत का ते बघायला बिझनेस प्रोजेक्टमधून एसक्यूएल क्लायंट आणि विंडोज फॉर्म्सचे रेफरन्स काढा आणि बिल्ड मारा. जिथे लाल रेघ येईल, तिथे अजून कोड हलवायचाय.