अर्धी राहिलेली गोधडी आणि घरातली मांजरं-कुत्री : तुमचे अनुभव लिहा

मासुंदाकाठ:
पावसाआधी सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे माळा रिकामा करायला घेतला. ट्रंकेच्या मागून एक बोचकं निघालं. सोडलं तर आईची गोधडी, अर्धीच. खाली तिची सुती लुगडी, मधे बाबांची धोतरं, वर आमच्या फ्रॉकचे आणि परकरांचे तुकडे. चारही कडांनी टाके आत आत येत गेलेत आणि मधोमध उशीएवढी जागा कोरी. शेवटच्या टाक्यात सुई खोचलेली आहे तशीच. ती गंजलीय, कापडावर तांबूस डाग पडलाय. आई गेली तेव्हा नौपाड्याच्या घरातून हे बोचकं इकडे घोडबंदरला आलं होतं.

पसरून बघतेय तोच आमची मनी आली आणि नेमकी त्या कोऱ्या जागेवर बसून पुढच्या पायांनी कापड चेपायला लागली. एकदम नौपाड्याची दुपार आठवली. आई भांडी आवरून गोधडी पसरायची की तिथला बोका हमखास मधोमध. आईने त्याला कधी उठवलं नाही. "झोपू दे त्याला, तोवर ही बाजू होते," म्हणायची आणि त्याच्या भोवतीने टाके घालत राहायची.

ही गोधडी मी पूर्ण करणार आहे, हातानेच. तुमच्याकडेही अशा राहिलेल्या गोधड्या, दुपटी असतील. घरात जनावर असताना कसं जमवता? सवडीने लिहा, पण लिहा.

ऐरोलीची वाकळ:
वाचून गलबललं. माझ्याकडे सासूबाईंची आहे, साताऱ्याहून आणलेली. रात्री लिहिते, कुकर लावलाय.

काजूची आई:
खारघर. लॅब्राडोर. जमिनीवर पसरणं विसराच, त्याला वाटतं त्याच्याशी रस्सीखेच खेळायलाच काढलीय. मी एका जुन्या चादरीची त्याची वेगळी गोधडी केली, त्यात माझा न धुतलेला कुर्ता घातला. वासाने तो तिथेच पडून राहतो आणि मी डायनिंग टेबलवर शिवते. केसांसाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने फिरवा. सगळे केस गोळा होऊन वर येतात. धुण्याआधी करायचं हं, नंतर केस टाक्यांत अडकून बसतात.

सीवूड्सवाली:
सगळ्या गमतीजमतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. सुई-दोरा मांजरासमोर एक मिनिटही सोडू नका.

आमची चिंगी. दारावर कुरिअरवाला आला म्हणून मी उठले, सुई ओवलेली होती. परत आले तर दोरा नाही. संध्याकाळी ती लाळ गाळत कोपऱ्यात बसली आणि तोंडाच्या कडेला पिवळ्या दोऱ्याचं टोक दिसलं. नवरा ओढायला निघाला, मी त्याचा हात धरला. रात्रीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी जबडा उघडून जीभ वर उचलली. दोऱ्याचा फास जिभेच्या मुळाशी बसलेला होता आणि बाकीचा दोरा पोटात उतरलेला. ते म्हणाले, ओढला असता तर आतडं चुण्या पडून गोळा झालं असतं आणि दोऱ्याने कापलं गेलं असतं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्यांना बाहेर टाकता येत नाही, आतच सरकत जातो. सुई नशिबाने गादीखाली मिळाली. चिंगीचं ऑपरेशन करावं लागलं.

तेव्हा दोरा तोंडातून दिसो की शेपटीखालून, ओढायचा नाही, कापायचा नाही, तडक डॉक्टर. उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात बसून राहणं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. माझं सगळं सामान आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतं. उठले की झाकण बंद, मग दारावर कोणीही असो.

ऐरोलीची वाकळ:
बापरे! आता कशी आहे चिंगी?

सीवूड्सवाली:
ठणठणीत. पोटावरचे केसही परत आले. काल माझ्या ताटातली सुरमई पळवली.

नेरुळकर:
सुरमई काय भावाने मिळाली?

सीवूड्सवाली:
नका विचारू.

तीन टाके पुढे:
मासुंदाकाठ ताई, सुईच्या डागावर लिंबू पिळून वर मीठ चोळा आणि उन्हात ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. गंजाचा डाग सुती कापडावरून बराच निघतो. पण आधी कोपऱ्यातल्या एखाद्या तुकड्यावर करून बघा, लिंबाने रंगही उतरतो. लाल आणि जांभळ्या तुकड्यांना जपा.

आणि सुई उपटू नका. थोडं तेल लावून मुरू द्या, मग फिरवत फिरवत काढा. जुनं सूत पटकन फाटतं.

खारेगावचा काका:
मी शिवत नाही, पण लिहावंसं वाटलं. वडील गिरणीत होते, लालबागला. गिरणीतून तुकडे यायचे, आई त्याच्या गोधड्या शिवायची. चाळीत प्रत्येक घरात आमच्या आईची एक तरी गोधडी होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मग तुकडे यायचे थांबले, पगार थांबला, आम्ही गावी गेलो. एक गोधडी तेव्हा शिवायला घेतलेली होती, ती तशीच राहिली. पुढे कळव्याला घर घेतलं तेव्हा ती इकडे आली. त्या कापडाला हात लावला की अजून कळतं गिरणीचं कापड काय असतं ते. धुऊन धुऊन मऊ झालंय पण विरलेलं नाही.

आमच्या बिल्डिंगखाली टॉमी म्हणून कुत्रा आहे, म्हातारा झालाय. मागच्या थंडीत बायको म्हणाली, त्या गोधडीचा न शिवलेला भाग कापून त्याला देऊ. मी नाही म्हटलं, त्याला नवीन ब्लँकेट आणून दिलं. ही आता शेजारच्या काकू पूर्ण करून देतायत. त्या शिवतात, मी सुईत दोरा ओवून देतो, त्यांना दिसत नाही आणि मला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चांगलं दिसतं.

मासुंदाकाठ:
काका, तुमचं लिखाण घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

काजूची आई:
काका फोटो टाका ना.

खारेगावचा काका:
नातू आला की टाकतो.

वाशी सेक्टर वाली:
कडांपासून मध्याकडे शिवत जाण्यावरून आठवलं. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यासुद्धा एका कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने फिरत मध्यावर येतात. शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची छोटी फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी त्यांना पुरी वाटत नाही. मी तिकडे गेले होते तेव्हा अंगणात बसून बघितलंय. बाजूला कोंबड्या फिरत होत्या, एक शेळी कापडाचं टोक चघळत होती आणि बाई बोलता बोलता हाताने तिला बाजूला सारत होती. जनावरांमध्ये बसून शिवणं ही काही आपल्या फ्लॅटमधली नवी अडचण नाही.

नेरुळकर:
शेळी भारी.

माझं एक मत, राग मानू नका. एवढा त्रास कशाला? गोधड्या मशीनवर शिवून देणाऱ्या बायका आहेत. काम होतं, त्यांना चार पैसे मिळतात.

तीन टाके पुढे:
नवीन गोधडी जरूर द्या त्यांना, मीही देते. पण जी हाताने अर्धी झालीय तिला मशीन लावू नये. मशीनची शिलाई कडक बसते, हाताचा धावदोरा सैल असतो. एकाच गोधडीत दोन्ही आले की धुतल्यावर एक भाग आक्रसतो, दुसरा फुगतो. आणि आईचा टाका जिथे थांबलाय तिथून पुढे आपला हात लागावा, ही इच्छा त्रास वाटत नाही हो.

ऐरोलीची वाकळ:
आले. सासूबाईंच्या वाकळेचा वरचा थर विरलाय, त्यावर नवीन तुकडे लावले. मैत्रिणीने सांगितलं म्हणून नवीन कापड आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं. जुनं सूत आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं आटतं, मग सगळं चुरगळतं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. मेणबत्तीवरून ओढून घेतला की सरसर जातो.

आमचे दोन्ही बोके मला टाके घालू देत नाहीत, म्हणून पहाटे बसते. साडेपाचला त्यांचं खाणं होतं, मग ते तासभर गाढ झोपतात. नवरा म्हणतो, घरात सगळ्यांची झोप होते, तुझी सोडून. पण त्या तासात सासूबाईंशी जेवढं बोलणं होतं तेवढं त्या असताना झालं नव्हतं. त्यांचा टाका डावीकडे थोडा तिरका जातो. माझाही आता तसाच जायला लागलाय.

सीवूड्सवाली:
हे फार आवडलं.

मासुंदाकाठ:
किती छान लिहिताय सगळ्या. शिवून झाल्यावर ठेवणार कशी हा प्रश्न आहे. आई डांबरगोळ्या घालायची, तशाच घालू का?

सीवूड्सवाली:
नको नको! डांबरगोळ्या मांजरांना विषारी असतात, कुत्र्यांनाही. मनी कपाटात शिरून त्यावर झोपणारच. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून सुती पुरचुंडीत बांधा आणि मधूनमधून गोधडीला ऊन दाखवा.

काजूची आई:
ऊन दाखवा म्हणे, आमच्याकडे काल कपड्यांना बुरशी आली. जून ते सप्टेंबर मी गोधडी धुवायचं नावच काढत नाही. आत ओल राहिली की वास जात नाही.

बुटकी सुई:
जाड सुती दोरा आणि मोठ्या नाक्याची सुई कुठे मिळेल? आमच्या इथल्या दुकानात सगळा पॉलिस्टर.

वाशी सेक्टर वाली:
उल्हासनगरला गजानन मार्केटकडे चक्कर मारा, कापडही बघता येईल. आणि अंगुस्ताना घ्या, चार थरांतून सुई काढताना बोटाची सालटी निघतात.

तीन टाके पुढे:
माझ्याकडे दोऱ्याची रिळं जास्तीची आहेत. ठाण्यात कोणी असेल तर गावदेवीला भेटू, देते.

बुटकी सुई:
मी कोपरखैरणे. ठाण्याला येईन. रविवारी चालेल?

तीन टाके पुढे:
चालेल, पण ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक आहे का बघून घ्या आधी. नाहीतर शनिवारी दुपारी, चारनंतर.