खुडूक कोंबडी: बसवावी की उठवावी?

प्रश्न (संगमेश्वर तालुका)

आमच्या परसात सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांपैकी तांबडी कोंबडी गेले नऊ दिवस खुराड्यातल्या टोपलीत खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिली आहे. हात पुढे केला की ती पिसे फुलवते, घोगरा आवाज काढते आणि मनगटावर जोरात चोच मारते. बाकीच्या कोंबड्याही तिला बाजूला सारून त्याच टोपलीत अंडी घालतात, त्यामुळे खाली कोणते अंडे किती दिवसांचे आहे हे आता कळत नाही. परवा एक अंडे फुटले, तेव्हा ते पूर्ण कुजलेले निघाले. त्यातच कालपासून काळी कोंबडीही शेजारच्या रिकाम्या खोक्यात बसू लागली आहे. खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवावे किंवा तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवावे, असे शेजारी सांगतात, पण माझे मन त्याला तयार होत नाही. सध्या पाऊस सतत चालू आहे. मी काय करावे?

उत्तर १

ताई, दोन्ही कोंबड्यांचा विचार वेगवेगळा करा. तांबडी नऊ दिवस नेटाने बसली आहे, म्हणजे ती पिल्ले काढेल असे धरायला हरकत नाही. मात्र अंडी मिसळलेली राहिली तर तिचे कष्ट वाया जातील. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, आणि पहिली पिल्ले निघाली की एक-दोन दिवसांत कोंबडी त्यांना घेऊन टोपली सोडते, त्यामुळे मागाहून घातलेल्या अंड्यांतली जिवंत पिल्ले आतच गारठून मरतात. मी स्वतः एका वर्षी अशी चार अंडी फोडून पाहिली होती आणि चारही पिल्ले पूर्ण वाढलेली होती. तेव्हापासून कोंबडी बसवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करायची आणि बिनखुणेचे अंडे त्याच संध्याकाळी काढून घ्यायचे, हा नेम मी मोडलेला नाही.

आज रात्री अंधारात एकेक अंडे बॅटरीच्या झोतावर धरून पाहा. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसेल, ते जिवंत आहे. अगदी स्वच्छ दिसणारी आणि आतून डचमळणारी अंडी काढून टाका. सारख्या वाढीची तेवढी ठेवून, टोपलीसकट कोंबडीला रात्रीच दुसऱ्या कोरड्या, अंधाऱ्या जागी हलवा, म्हणजे इतर कोंबड्या तिथे शिरणार नाहीत. टोपलीत नवे कोरडे गवत घाला. दाणा-पाणी जवळ असू द्या, पण टोपलीला लागून नको. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठेल, खाईल आणि विष्ठा टाकेल. तेवढा वेळ तिला मिळालाच पाहिजे. पोटाखालची पिसे बाजूला करून उवा-पिसवाही पाहून घ्या, कारण त्या फार झाल्या तर चांगली कोंबडीही अंडी सोडून उठते.

उत्तर २

काळ्या कोंबडीबद्दल लिहितो. तिची पिल्ले नको असतील तर आजच हालचाल करा, कारण दिवस जातील तसे तिला उठवणे अवघड होते. खुडूक कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असते, त्यामुळे तिचे अंडी घालणे थांबते आणि पोटाला ऊब व अंधार मिळत राहिला की ती बसूनच राहते. म्हणून तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा आणि तो पिंजरा विटांवर उचलून उजेडाच्या, पण पावसाचे झोत न येणाऱ्या जागी मांडा. आत गवत किंवा पोते नको, मात्र दाणा आणि पाणी पोटभर हवे. खालून वारा लागत राहिला की बहुधा तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. पुन्हा अंडी सुरू व्हायला त्यानंतर एक-दोन आठवडे लागू शकतात. या दिवसांत पाण्यात बुडवलेली कोंबडी लवकर वाळत नाही आणि गारठते. नाकात पीस ओवणे ही तर सरळ इजा आहे. आपण ते टाळलेत हे योग्यच केलेत.

वरच्या उत्तराशी माझा एकच मतभेद आहे. भर पावसात पिल्ले काढू नयेत, कारण ओल्या जमिनीवर त्यांना रक्ती हगवण लवकर लागते.

उत्तर १ (पुन्हा)

ही भीती खरी आहे, परंतु अंड्यांत जीव धरलेला असेल तर आता मागे फिरता येणार नाही. पिल्लांना कोरड्या तुसावर ठेवा, ओले झालेले तूस रोज काढा आणि पहिले काही आठवडे त्यांना चिखलात सोडू नका. आईची ऊब असल्यावर वेगळा बल्ब लागत नाही.

प्रश्नकर्ती

रात्री अकरा अंडी पाहिली. तिघांत शिरा स्पष्ट होत्या आणि त्यांची वाढही सारखी दिसली, म्हणून तेवढीच खुणा करून ठेवली आणि तांबडीला पडवीतल्या डालग्याखाली हलवले. ती पाच मिनिटांत पुन्हा अंड्यांवर बसली. काळीला पिंजऱ्यात ठेवून आज तिसरा दिवस आहे. दुपारी थोडा वेळ मोकळी सोडली, तेव्हा ती खोक्याकडे न जाता इतरांबरोबर माती उकरत होती. आज रात्री तिला पुन्हा पिंजऱ्यात घालावे का?

उत्तर २

आज घालू नका. खोके तेवढे उचलून ठेवा आणि अंधार पडल्यावर ती कुठे जाते ते पाहा. दांडीवर इतरांच्या शेजारी बसली तर खुडूक मोडली असे समजा. कोपऱ्यात जमिनीवर पसरून बसली तर आणखी दोन दिवस पिंजरा द्या.