लिग्नोकेननं फुफ्फुस वाचतं म्हणे!

भूलवाला_घोडबंदर: सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय: ‘दात काढताना देतात ते लिग्नोकेन फुफ्फुसाची सूज उतरवतं. स्वस्त आहे म्हणून डॉक्टर दडवतात.’ डोकंच फिरलं. प्रयोग खरे आहेत हो. सशा-उंदरांच्या फुफ्फुसाला आम्लानं किंवा जंतूंच्या विषानं इजा केली, शिरेतून लिग्नोकेन दिलं, तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा धुमाकूळ कमी झाला, पाणी कमी साठलं. पण बऱ्याच ठिकाणी औषध इजेच्या आधीच नाहीतर लगेच दिलेलं. आपला पेशंट येतो न्यूमोनिया अंगात मुरल्यावर.

कळव्याचा_केमिस्ट: मग माणसांवर मोठी ट्रायल करा की! 1943 चं औषध, पेटंट कधीच संपलं. कंपनीला काय मिळणार, घंटा?

भूलवाला_घोडबंदर: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड काय सोन्याचं होतं? 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं कोविडसाठी तेच पुढे आणलं. आणि 2000 साली तर फुफ्फुस सुजलेल्या पेशंटांना व्हेंटिलेटरचा एकेक श्वास वजनाच्या किलोमागे 12 ऐवजी 6 मिली केला, तेवढ्यानं मृत्यू 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले.

नाइट_ड्यूटी_सिस्टर: पालथं झोपवण्याचं विसरलात. 2013 ची फ्रेंच ट्रायल, त्यानंही मृत्यू घटले, तीही बिनऔषधाची. पण नळ्या सांभाळत पेशंट उलटायला चार-पाच जण लागतात आणि रात्री असतो आम्ही दोघी. त्यावर लिहा कधीतरी.

वसंतविहारच्या_काकू: माझे दीर होते व्हेंटिलेटरवर. बिलात हातमोजे रोज वेगळे लावलेले, तेही खोक्यानं! एका माणसाला खोकंभर मोजे?

कळव्याचा_केमिस्ट: काकू, खोक्यावरची एमआरपी बघितलीत? खरेदीचा भाव ऐकलात तर चक्कर येईल.

वसंतविहारच्या_काकू: विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, सिस्टिममध्ये असंच येतं.

नाइट_ड्यूटी_सिस्टर: आणि शिव्या आम्हाला. मोजे मी घरी नेते की काय?

भूलवाला_घोडबंदर: धागा लिग्नोकेनचा आहे, मंडळी.

वसंतविहारच्या_काकू: बिलाचं निघालं की बरा धागा आठवतो!

कळव्याचा_केमिस्ट: बरं डॉक्टरसाहेब, ससे वाचले, तुम्ही जिंकलात. पण माणसांत चालत नाही, हे तरी कुठे सिद्ध झालंय?

भूलवाला_घोडबंदर: नाही झालेलं. लिहून घ्या, फ्रेम करा. पण परवा एक नातेवाईक दुकानातून लिग्नोकेनची व्हायल (इंजेक्शनची बाटली) घेऊन आला, ‘सलाइनमध्ये टाका’ म्हणाला. डोस चुकला तर आधी ओठांना मुंग्या, मग आकडी, मग हृदय बंद. त्या पोस्टवाल्याला काय जातंय?

कळव्याचा_केमिस्ट: चिठ्ठीशिवाय दिली कुणी ती? माझ्या दुकानातून नाही, आधीच सांगतो.

वसंतविहारच्या_काकू: ते असू दे. तुमच्याकडे मोज्यांचं खोकं कितीला लावतात, डॉक्टर?