गावची छोटी जादू आकड्यांत बसवायची का?

वर्धाकाठ: आपल्याकडच्या खेड्यांवर बेतलेल्या, फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळात घरोघरी थोडी जादू हवीच. अग्निगोळे नकोत; दाराला बिब्बा, लेकरावरून मीठ-मोहरी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (रोगराई घालवायला काढतात तो पुतळा). नियम: घरटी महिन्याला एक तोडगा, तयारीला तासभर, वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात +१, तेही फक्त ताप, विंचू आणि दृष्ट लागण्याविरुद्ध. तयारीत १ पडला तर बिब्बा उततो: हाताला फोड, दोन दिवस धनुष्य बंद.

कपाशी_२०: उतण्याचा नियम छान. पण +१ म्हणजे जेमतेम ५ टक्के. जाणवत नाही, हिशेब मात्र ठेवावा लागतो. शिवाय खेळाडू बिब्बा, काळा दोरा, लिंबू सगळंच एकदम बांधतात. पाच तोडगे, +५, आणि गावचा गडी सरदाराला भारी! बेरीज बंदच करा. त्याऐवजी फसलेला फासा एकदा परत टाकू द्या, मग बिब्बा संपला. ११ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते.

पांदणवाट: आकडे कायले पायजेत भाऊ? बुलडाण्यातल्या भेंडवळले अक्षय तृतीयेले पावसाचा अंदाज पायाले घट मांडतात: भोवताल १८ धान्यं, मधात घागर, तिच्याखाली चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्याची. पहाटे कोनतं किती भिजलं ते पायतात. खेळातही सहा बाजूंचे चार फासे झाकून टाका. १-२ कोरडं, ३-४ ओलसर, ५-६ विरघळलं. खेळाडूले फक्त ढेकूळ दाखवा. पाऊस सांगून टाकला तर पेरणीची जोखीमच राहत नाही, म्हनून चारातलं एक खोटं ठेवा.

कपाशी_२०: हे मोसमाच्या सुरुवातीला चालेल. विंचू चावल्यावर ढेकूळ कोण पाहणार?

सागवान: तुम्ही सगळेच एक गोष्ट विसरताय. तोडगा खरा ठरला की करणीही खरी ठरते, आणि ताप आला की खेळाडू करणीचा आळ घालायला गावात म्हातारी शोधत फिरतात. पूर्व विदर्भात अशा संशयावरून माणसं मारली गेली आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असा आरोप करून छळणं गुन्हा ठरवलं. म्हणून जादू फक्त राखणारी असावी. इजा करणारा एकही तोडगा नको, आणि करणीचा आरोप खेळात खोटाच निघावा.

वर्धाकाठ: इजेचे तोडगे काढतो. पण आरोप खोटाच, हे आधीच कळलं तर गूढ काय उरलं?

सागवान: ते पहिल्याच बैठकीत उघड सांगा. गूढ तापाच्या कारणात ठेवा: नासलेली विहीर, साचलेलं पाणी, बाजारातून आलेलं आजारी जनावर. खेळाडूंना तिथे तपास करू द्या.