पायथनमध्ये चाचणीसाठी साधा मॉक (खऱ्याच्या जागी वापरायचा नकली) ऑब्जेक्ट कसा करावा?

प्रश्न: आमच्या बिलिंगच्या कोडला ईमेल पाठवणारा ऑब्जेक्ट लागतो. चाचणीत खरा मेल जाऊ नये, पण त्याच्या ‘सेंड’ या मेथडला (फंक्शनला) कोणता पत्ता दिला गेला हे तपासता यावे, एवढ्यासाठी वेगळी लायब्ररी घ्यावी का?

उत्तर १: मुळीच नको. पायथन ऑब्जेक्टचा प्रकार विचारत नाही, मेथड असली की झाले. म्हणून ‘सेंड’ असलेला चार ओळींचा क्लास लिहून आलेला प्रत्येक पत्ता यादीत जोडावा आणि शेवटी ती यादी तपासावी.

उत्तर २: २०१२ मधल्या ३.३ आवृत्तीपासून ‘युनिटटेस्ट.मॉक’ ही मॉक बनवणारी लायब्ररी पायथनसोबतच येते. मात्र नुसता ‘मॉक’ कोणतीही मेथड निमूटपणे स्वीकारतो, त्यामुळे मूळ क्लासमध्ये ‘सेंड’चे नाव बदलले तरी चाचणी हिरवीच (उत्तीर्ण) राहते, मूळ क्लासवरून मॉक बनवणारे ‘क्रिएट_ऑटोस्पेक’ वापरल्यास ती तिथेच अडते.

उत्तर १: मान्य, हाताने लिहिलेल्या क्लासलाही हाच धोका आहे.