लग्नासाठी पहिला चांगला किल्ट घ्यायचा आहे : जाणकारांनी मदत करा

पाऊसवेडा
मंडळी, सप्टेंबरात मेहुणीचं लग्न आहे. मुलगा स्कॉटिश, लग्न पिटलॉक्रीजवळ. आदल्या दिवशी आपला अंतरपाट आणि मंगलाष्टकं, दुसऱ्या दिवशी त्यांच्या पद्धतीने. त्या दिवशी मुलाकडचे झाडून सगळे पुरुष किल्टमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या निऱ्यांच्या चौकड्यांच्या वस्त्रात असणार आणि होणारे साडूभाऊ मलाही सोडायला तयार नाहीत. एडिनबरात राहून इतकी वर्षं सूटवर भागवलं, आता एकदाचा स्वतःचा घ्यावा म्हणतो.

भाड्याने आणावा की विकत घ्यावा? कुठला टार्टन (चौकड्यांचा नमुना)? आमचं कुळ-गोत्र कोकणातलं, त्याचा स्कॉटलंडशी संबंध बॉम्बे स्कॉटिशपुरताही नाही. बायको जांभळी पैठणी नेसणार आहे, तिच्याशी रंग भांडला तर घरी भांडण. सगळं मिळून हजार पौंडांच्या आत बसवायचं आहे. रॉयल माइलवर, पर्यटकांच्या रस्त्यावर, चाळीस पौंडांत टांगलेले असतात ते पाहिलेत, तेवढे सोडून बोला.

खवचट_काका
खाली काय घालणार ते आधी सांगा, मग सल्ला देतो.

लीथकर
काका, भाड्याचा असेल तर दुकानदारच बजावतो, आत घाला म्हणून. स्वतःचा असेल तर ज्याचा त्याचा प्रश्न. पण पिटलॉक्रीला वारा असतो आणि रात्री ‘केली’त, म्हणजे स्कॉटिश नाचगाण्याच्या कार्यक्रमात, नाचायचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

पाऊसवेडा, आता मुद्द्याचं. एकाच लग्नापुरता हवा असेल तर भाड्याने आणा, शंभर पौंडांच्या आसपास जोड्यांपासून जॅकेटपर्यंत सगळं मिळतं. पण तुम्ही इथेच राहणार, वर्षातून एखादं लग्न, एखादी बर्न्स नाइट (कवी बर्न्सच्या नावाची जेवणावळ), सेंट अँड्र्यूज डे (इथला राष्ट्रीय दिवस) ठरलेला. तर विकत घ्या. आणि घ्यायचाच तर पैसा किल्टमध्ये घाला, बाकीच्या वस्तूंमध्ये हात आखडता घ्या. लोक नेमकं उलटं करतात: चांदीचा मुलामा असलेलं स्पोरन (किल्टपुढे लोंबणारा बटवा) घेतात आणि किल्ट पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा.

कापड शंभर टक्के लोकर, वर्स्टेड (विंचरलेल्या लांब धाग्याची, गुळगुळीत). वजन यार्डामागे औंसांत सांगतात. दहा-अकरा औंस हलकं, ते निऱ्या नीट धरत नाही. सोळा औंस भारी, सुंदर पडतं, वाऱ्यात उडत नाही. तेरा औंस मधलं. पहिला किल्ट असेल तर मी सोळाच सांगेन, पण नाचणारा माणूस असाल तर तेराही चालेल. कापड आठ यार्ड घ्या. पाच यार्डाचा स्वस्त पडतो, पण मागून पाहिलं की निऱ्यांची खोली कमी दिसते. हाताने शिवलेला आठ यार्डी किल्ट साधारण पाचशे ते आठशे पौंडांत येतो आणि शिवायला दोन-अडीच महिने लागू शकतात. सप्टेंबर म्हणजे मे संपायच्या आत ऑर्डर गेली पाहिजे, उन्हाळ्यात शिवणाऱ्यांकडे लग्नांची झुंबड असते.

कुठे? लीथची किनलॉक अँडरसन १८६८ पासूनची आहे, एडिनबरा-ग्लासगोत आणखीही चांगले किल्टमेकर आहेत. दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि एकच विचारा: शिवणार कोण आणि कुठे? गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठा. कापड कुठल्या गिरणीचं तेही विचारा. सेल्कर्कची लॉखकॅरन, पर्थचं हाउस ऑफ एडगर ही नावं ऐकू आली तर कापडाची काळजी नको.

हिशोबी
लीथकरांशी अर्धा सहमत. आठशे पौंड एका वस्त्रावर? भाड्याने देणारी दुकानं जुने किल्ट विकायला काढतात, चॅरिटी शॉपमध्येही बरे मिळतात. ग्रासमार्केटमधल्या आर्मस्ट्राँगमध्ये लोकरीचे जुने किल्ट टांगलेले असतात, त्यातले काही फौजी आहेत आणि कापड असं की दोन पिढ्या टिकेल. तिथे एक शनिवार घालवा. मापात बसला तर शंभर-दीडशेत काम होईल.

लीथकर
बसला तर. किल्टची लांबी वाढवता येत नाही आणि कमी करणंही सोपं नाही, कारण खालची कड ही कापडाचीच काठ असते, तिथे दुमड घालत नाहीत. कमरेत पट्टे-बकलं सरकवून एक-दोन इंच मिळतात. जुना घ्यायला हरकत नाही, फक्त लांबी बरोबर असेल तरच हात घाला.

मृण्मयी_ग्लासगो
मापाबद्दल कोणीच नीट सांगत नाहीये, म्हणून मी लिहिते. नवऱ्याचा किल्ट शिवला तेव्हा टेप माझ्याच हातात होती.

जीन्सचं माप विसरा. किल्ट बेंबीच्या उंचीला बसतो. चौतीसची जीन्स घालणाऱ्याचं तिथलं माप सदतीस-अडतीस निघतं आणि मग तो टेपवर संशय घेतो. दुसरं माप नितंबांच्या सगळ्यात रुंद भागाचं. तिसरी लांबी: बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. ही लांबी स्वतः मोजू नका. खाली वाकून पाहिलं की अंग पुढे झुकतं आणि माप चुकतं. समोर भिंतीकडे बघत ताठ उभं राहायचं, मोजायचं दुसऱ्याने. शिवून आला की गुडघे टेकून बसून बघा, खालची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली पाहिजे. जमिनीला टेकली तर लांब झाला, घागऱ्यासारखा दिसतो.

पैठणीसाठी आयल ऑफ स्काय बघा. जांभळा, हिरवा, हेदरच्या (जांभळ्या रानफुलांच्या) माळरानाचे सगळे रंग त्यात आहेत. नव्वदच्या दशकातला टार्टन आहे, कुठल्या क्लॅनचा (कुळाचा) नाही, कोणीही घालावा. जांभळ्या पैठणीशेजारी उभा राहिला तर फोटो बघत बसाल. मात्र हातात नमुन्याचा तुकडा आणि साडी दोन्ही घेऊन उजेडात बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटवर भरवसा ठेवू नका.

खवचट_काका
पण आपण घातला तर त्यांना चालतं का? उद्या कोणी म्हणायला नको, की आमचं धोतर नेसून आलात.

लीथकर
चालतं, आणि बहुतेक वेळा आनंदच होतो. थोडा इतिहास. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर (राजाविरुद्धच्या उठावानंतर) १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली, फौज तेवढी सुटली. बंदी १७८२ मध्ये उठली. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट उभा केला, राजा स्वतः किल्टमध्ये मिरवला, आणि अमुक आडनावाचा तमुक टार्टन ही शिस्त त्या सुमाराला पक्की होत गेली. म्हणजे "हजारो वर्षांची परंपरा" म्हणून कोणी दटावायला लागला तर हसून सोडून द्या. कोणी काय घालावं याचा कायदा नाही. बाल्मोरल तेवढा राजघराण्याचा, तो टाळायचा. स्कॉटलंडची अधिकृत टार्टन नोंदवही २००९ पासून आहे, ऑनलाइन बघता येते, त्यात सिंग नावाचाही टार्टन आहे.

मुलाच्या घराण्याचा टार्टन घालावा का, असं मनात आलं असेल तर त्यालाच विचारा. तो म्हणाला तर घाला, न विचारता नको. नाहीतर ब्लॅक वॉच, गडद निळा-हिरवा, डोळे मिटून घ्यावा असा. रॉयल स्टुअर्ट लाल भडक आहे, आणि निम्मी भाड्याची दुकानं तोच गळ्यात मारतात.

हिशोबी
बाकीच्या वस्तूंचं कोण सांगणार? तिथेच तर बजेट फुटतं.

लीथकर
जॅकेट: प्रिन्स चार्ली हे खरं संध्याकाळचं, काळ्या बो टायसोबत. लग्नाला दिवसाही घालतात, पण तुम्ही एकच घेणार असाल तर अर्गाइल घ्या. साध्या टायवर दिवसा चालतं, रात्रीही चालतं, पुढच्या बर्न्स नाइटलाही. वेस्टकोट घातलात तर कमरेला रुंद पट्टा लावायचा नाही, दोन्ही एकदम घातलेले फोटोत पाहिले की माझे दात शिवशिवतात.

स्पोरन चामड्याचं साधं किंवा थोडं नटलेलं. पूर्ण केसाळ वगैरे पहिल्याच खेपेला नको. ते वेस्टकोटच्या खाली साधारण चार बोटं लोंबलं पाहिजे, पोटावर नको आणि मांड्यांवर आपटायलाही नको. नाचताना सरकवून कमरेच्या बाजूला घ्यायचं. साखळीपेक्षा चामड्याचा पट्टा बरा, साखळी मागच्या लोकरीला घासते.

किल्ट पिन समोरच्या वरच्या पदराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, आणि फक्त वरच्याच थरातून. दोन्ही थरांतून टोचलीत तर बसताना कापड ओढलं जाऊन फाटतं. मोजे गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं, फ्लॅशेसचा (मोज्याच्या दुमडीखाली दिसणाऱ्या रंगीत फितींचा) रंग टार्टनमधला एखादा. हे सगळं नवंकोरं घ्यायची गरज नाही, जुनं मिळेल. जोडे मात्र मापाचे आणि नवे.

पाऊसवेडा
खूप खूप धन्यवाद! लीथकर, मोज्यातला तो चाकू घालायचाच असतो का? बायको म्हणते, विमानतळावर पकडतील.

लीथकर
स्गियन डू. उजव्या हाताचे असाल तर उजव्या मोज्यात, मुठीचं टोक तेवढं बाहेर. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून घालायला कायद्यात सवलत आहे, पण हॉटेल किंवा ठिकाणाचा नियम वेगळा असू शकतो, आधी विचारा. विमानात गेलात तर चेक-इन सामानात टाका. पातं नसलेले, नुसती मूठ असलेलेही मिळतात. लहान पोरं अंगाखांद्यावर खेळणार असतील तर तसलाच घ्या.

मृण्मयी_ग्लासगो
बसायचं कसं ते सांगायचं राहिलंच. खुर्चीशी आलात की दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या खालपर्यंत सारख्या करत बसायचं. नाहीतर तासाभरात मागे गोळा होतो आणि जेवणानंतर सगळे फोटो पाठमोरेच काढतात. बेंबीवर आवळलेला पट्टा जेवणाआधी एक भोक सैल करून ठेवा.

पाऊसवेडा
कळवतो: आयल ऑफ स्काय, सोळा औंस, आठ यार्ड, हाताने शिवलेला, ऑर्डर दिली. पैठणी दुकानात नेली होती, दुकानातल्या बाईंनी किल्टपेक्षा तिचंच जास्त कौतुक केलं. जॅकेट जुनं अर्गाइल मिळालं, स्पोरन साडूभाऊंच्या वडिलांकडून उसनं. हिशोब हजाराच्या आत आहे. मंगलाष्टकांना मी धोतरच नेसणार, आणि दुसऱ्या दिवशी साडूभाऊ फेटा बांधून येणार असं ठरलंय.

एक शंका: गिली ब्रोग्जच्या, म्हणजे किल्टवरच्या जोड्यांच्या, नाड्या इतक्या लांब का? दोनदा बांधल्या, दोनदा घोट्यावरून सुटल्या.

लीथकर
त्या जोड्याला जीभ नसते, म्हणून नाडी पायावर चढते. पुढे तीन-चार पीळ एकमेकांत घट्ट घाला, मग घोट्यामागून एकच फेरा घेऊन पुढे किंवा बाहेरच्या बाजूला गाठ मारा. पिंढरीपर्यंत नेऊ नका, तिथे मोजा घसरला की सगळंच घसरतं. घरी मोजे घालून जिन्यावर चार खेपा घाला.

आणि किल्ट घरी आला की निऱ्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके असू शकतात, निऱ्या बसाव्यात म्हणून घातलेले. लग्नाच्या आधी बारीक कात्रीने उसवून टाका. प्रत्येक मोसमात एकजण तरी ते तसेच घेऊन मांडवात येतो.

खवचट_काका
आणि खाली काय, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीच.