गेटवरचा स्पीडब्रेकर आणि रोहनची लाल गाडी (सोसायटीच्या ग्रुपवरून)

रोहन (ए-६०२): नमस्कार. उद्या पहाटे सावंतवाडीला निघतोय, गाडीत चौघं आणि सामान. गेटवरच्या स्पीडब्रेकरला गाडी पोटाला घासते. तो एका बाजूने थोडा तासून घेऊ का? खर्च माझा.

नाईक काकू: पहाटे म्हणजे किती वाजता? मागच्या खेपेला तुझा सायलेन्सर ऐकून आमचा नातू तासभर रडत होता.

सेक्रेटरी: स्पीडब्रेकर सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला आहे. कृपया ठराव वाचावा. 🙏

पाटील (बी-३०१): ठराव स्पीडब्रेकरचा होता, साहेब. आपण कळसूबाई बांधलंत.

कदम काका: रोहन, जमिनीपासून उंची किती?

रोहन: १३६ मिमी. गाडी रिकामी असताना.

कदम काका: म्हणजे चार माणसं आणि भरलेली डिकी असली की आणखी खाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत (आयआरसी ९९) हंप, म्हणजे स्पीडब्रेकर, १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. आपली उंची तेवढीच, रुंदी जेमतेम दीड फूट. पुढची चाकं उतरेपर्यंत पोट टेकलेलं असतं. दोष उताराचा आहे, गाडीचा नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं.

सेक्रेटरी: आपण त्या सभेला नव्हतात.

कदम काका: ग्रुपवर लिहिलं होतं. वर जाऊन बघा.

नाईक काकू: स्पीडब्रेकरला कोणी हात लावायचा नाही. तो कुरिअरवाला आत कसा भरधाव शिरला होता, विसरलात सगळे?

सावंत (सी-१०४): सावंतवाडीक जातंस? पळस्पे फाट्यावरून हायवे ६६ पकड. कशेडीचो बोगदो झालो, घाट चढूक लागना नाय.

पाटील: बोगद्यापर्यंत पोचला तर ना! आधी माणगाव पार करू दे. रोहन, कळंबोलीवरून एक्सप्रेसवे घे. सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली. लांब पडेल, पण गाडी शाबूत राहील.

सावंत: आणि एक्सप्रेसवेचा टोल ३२०, पुढचे नाके वेगळे. तुम्ही भरणार? कोकणात जायला घाटावरून जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.

सेक्रेटरी: विषयाला धरून बोलावे. ठरावाची प्रत पुन्हा पाठवतो.

शिंदे (ए-२०३): एक्सप्रेसवेवर १०० ची मर्यादा, घाटात ६०. कॅमेरे सरासरी वेगही धरतात. २५० हॉर्सपॉवरचे घोडे पोसून काय करणार तू?

रोहन: दादा, ओव्हरटेकला कामाला येतात.

नाईक काकू: आणि आमची झोप उडवायला.

कदम काका: टायर कुठला?

रोहन: २२५/४० आर १८.

कदम काका: २२५ मिमी रुंदी, तिच्या ४० टक्के म्हणजे टायरची बाजू ९० मिमी. खड्डा आला की रिम आणि डांबराच्या मध्ये एवढंच रबर. पूर्ण लोडचा हवेचा आकडा दाराच्या खांबावर असतो, टायर थंड असताना तेवढी भर. गाडी मऊ चालावी म्हणून कमी ठेवलीस तर रिम वाकेल. स्टेपनी आहे?

रोहन: नाही, पंक्चर किट आहे.

कदम काका: किट खिळ्यापुरतं. टायर बाजूने फाटला तर निरुपयोगी. आंबोलीत फाटला तर क्रेन बोलवत बसशील. टोईंगचा नंबर आताच काढून ठेव.

सावंत: म्हणून सांगतंय, ६६.

पाटील: सावंत, ६६ ला खड्डे नाहीत असं एकदा लिहून द्या, फ्रेम करून लिफ्टमध्ये लावतो.

शिंदे: लिफ्टवरून आठवलं. बी विंगची कधी सुरू होणार?

सेक्रेटरी: त्याचाही ठराव झालेला आहे.

कदम काका: रोहन, तासायच्या भानगडीत पडू नकोस. तिघांना आणि बॅगांना गेटबाहेर घे. तू एकटाच तिरका काढ. एका वेळी एकच चाक चढलं पाहिजे.

रोहन: थँक्यू काका. हे जमेल.

नाईक काकू: गेटबाहेर म्हणजे आमच्या खिडकीखाली. दारं आपटायची नाहीत. आणि ५ च्या आधी नाही.

शिंदे: ५ ला पाण्याचा टँकर येतो. पाऊण तास गेट अडवून उभा असतो, तिरकं काढायला जागा कुठली?

रोहन: मग साडेचार?

नाईक काकू: बघा!!

सेक्रेटरी: ठरावाची पीडीएफ जोडत आहे. 🙏